पान उलटणारा हात

गेल्या अंकात मी मांगाविषयी, म्हणजे जपानी चित्रकथांविषयी, दोन पानं लिहिली, तेव्हा एखाद-दुसरं पत्र येईल असं वाटलं होतं. आली चाळीसच्या वर. ठाण्याच्या नौपाड्यात मी एकतीस वर्षं लायब्ररी चालवली. वाचक पुस्तक परत करायला येतो तेव्हा ते कसं होतं हे बऱ्याचदा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. काही पुस्तकं लोक काउंटरवर ठेवतात आणि न बोलता जिना उतरतात. ही पत्रं वाचताना तेच चेहरे डोळ्यांसमोर आले. बहुतेकांनी विचारलंय ते एकच : गोष्ट संपली, तरी ती अंगावरून उतरत का नाही? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत, थोडी छोटी करून आणि नावांशिवाय. उत्तरं देताना कथानकातलं काही सांगावं लागलं आहे. शेवट मात्र कुठलाच सांगितलेला नाही.

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे. घर कळव्याला, नोकरी तुर्भ्याला. ‘गुडनाइट पुनपुन’चे इंग्रजीतले सातही खंड मी नऊ दिवसांत संपवले, थोडे ठाणे-वाशी लोकलमध्ये आणि बाकीचे रात्री जागून. संपवून आठवडा झाला, पण कुणाशी बोलावंसं वाटत नाही. जेवता जेवता हात थांबतो. ऑफिसमधला मित्र म्हणाला, कार्टून वाचून कसला रडतोस. मलाही कळत नाही. त्यातल्या पुनपुन नावाच्या मुलाचं आणि माझं काहीच सारखं नाही. हो, एक गोष्ट आहे. सुरुवातीलाच त्याचे वडील आईवर हात उचलतात. आमच्याकडे मारहाण नव्हती, पण बाबा पिऊन आले की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका गोष्टीचा इतका त्रास होणं नॉर्मल आहे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : ‘काहीच सारखं नाही’ असं लिहून पुढच्याच ओळीत तुम्ही टीव्हीच्या आवाजाचं लिहिलंत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीत आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. उरलेलं निम्मं त्या गोष्टीच्या बांधणीत आहे, ते आधी सांगते, म्हणजे मित्राला काय उत्तर द्यायचं हेही तुम्हाला सुचेल.

पुनपुन कसा काढलाय ते आठवा. आजूबाजूचं सगळं, विजेच्या तारा, जिने, गल्ल्या, चित्रकार इनिओ असानोने फोटो वाटावेत इतक्या बारकाईने उभं केलंय. आणि त्यात पुनपुन कसा, तर मुलाने वहीच्या कोपऱ्यात खरडलेल्या पक्ष्यासारखा. टिंबांचे डोळे, एक चोच, काड्यांसारखे पाय. त्याचं बोलणंही आपल्याला त्याच्या तोंडून ऐकू येत नाही, तो काय म्हणाला हे निवेदक सांगतो. चेहरा नाही आणि आवाजही नाही, मग वाचताना त्याला चेहरा कोण देतं? तुम्ही. सात खंड तुम्ही त्या पक्ष्याला तुमचा चेहरा आणि तुमचा आवाज देत होतात.

मांगात दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते. समजा, एका चौकटीत उचललेला हात आहे आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला चष्मा. मधला तडाखा कुणी काढलेलाच नाही, तो आपण घडवतो. आपल्या माहितीतल्या घरात घडवतो, आणि आवाजही आपल्या ओळखीचाच असतो. सिनेमा आपल्या गतीने पुढे सरकतो, डोळे मिटले तरी सरकतो. मांगाचं पान आपण उलटल्याशिवाय उलटत नाही. म्हणून नंतर जो जडपणा उरतो, त्यात थोडी अपराधीपणाची भावनाही मिसळलेली असते. मी थांबू शकलो असतो, थांबलो नाही. मला आलेल्या निदान दहा पत्रांत हे वेगवेगळ्या शब्दांत आहे.

आता तुमचे नऊ दिवस. ही मालिका जपानमध्ये २००७ ते २०१३ अशी सहा वर्षं चालली. तिथल्या वाचकाला तिचा एकेक तुकडा मिळत होता. दोन तुकड्यांच्या मध्ये त्याची परीक्षा झाली असेल, नोकरी लागली असेल, सर्दी होऊन बरी झाली असेल. तेरा जपानी खंडांचं ते दुःख (इंग्रजीत त्याचेच सात जाड खंड केलेत) त्याने सहा वर्षांत पचवलं. तुम्ही ते नऊ रात्रींत गिळलंत. पोट बिघडणारच.

मी लग्नाआधी आईबरोबर गडकरी रंगायतनला ‘एकच प्याला’ पाहिलं होतं. ज्या गडकऱ्यांचं नाव आपल्या त्या थिएटरला आहे त्यांचंच नाटक, आणि ते काही सौम्य नाटक नाही. दारूच्या नशेत बाप स्वतःच्या लेकराच्या जिवावर उठतो, बायको दळण दळून घर चालवते. आई पहिल्या भागात रडली. मध्यंतरात बाहेर येऊन आम्ही बटाटेवडा खाल्ला, शेजारच्या बाईंनी आईला मुलाबाळांचं विचारलं, आणि घंटा झाल्यावर आई आत जाऊन पुन्हा रडली. नाटक सुटल्यावर आम्ही तलावपाळीला एक पूर्ण फेरी मारली. आई पाण्याकडे बघत म्हणाली, सिंधूने माहेरी जायला हवं होतं. मग घरापर्यंत आमचं त्याच्यावर भांडण. आज मला वाटतं की मध्यंतर, शेजारची बाई, ती फेरी आणि ते भांडण ही सगळी त्या नाटकाचीच अंगं होती. शोकांतिका एकट्याने, अंथरुणात, रात्री दोनला, एका बैठकीत घ्यायची वस्तू म्हणून कधी घडलीच नव्हती.

बी. ए.ला मराठी घेतलेल्यांना ‘सविकल्प समाधी’ आठवत असेल. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून न. चिं. केळकरांनी ती कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही, आणि या दोन्हींत एकाच वेळी असण्यात वाङ्मयाचा आनंद आहे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते उत्तर मला साठीत मांगा वाचताना खरं समजलं. तुमच्या बाबतीत दुसरी बाजू निसटली. तुम्ही पुनपुनमध्ये शिरलात आणि तुर्भ्याला नोकरी करणारा, पगारातून घरी पैसे देणारा सव्वीस वर्षांचा माणूस बाहेरच राहिला. त्याला परत आत घ्यायचं आहे.

तर आता त्या टीव्हीबद्दल. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये तुम्ही काय भरलंत, असं मी विचारलं तर तुमचं उत्तर माझ्या हातातल्या पत्रात आहे. कळव्याच्या खोलीत रिमोट घट्ट धरून बसलेला मुलगा. जेवताना हात थांबतो तो त्याच्यामुळे. पुनपुनने त्याला निर्माण केलं नाही, तो बसला होता त्या कोपऱ्यात दिवा लावला एवढंच. मारहाण नव्हती म्हणून तुम्ही ते मोजायलाच तयार नाही, पण आवाज वाढवावा लागत होता, एवढं एखाद्या मुलाला पुरे असतं.

मला एक पत्र लिहिलंत. आता कुणालातरी प्रत्यक्ष सांगा. बहीण-भाऊ असेल तर आधी त्यांना, कारण तो टीव्ही त्यांनीही ऐकलेला असेल. तीन-चार आठवडे नवी मालिका सुरू करू नका. पुढे वाचाल तेव्हा कागदी खंड घ्या, एका वेळी एक, आणि तो मिटून कपाटात ठेवल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका. लोकलमध्ये वाचलेलं कमी बोचतं असं मला वाटतं, कारण तुर्भे आलं की उतरावंच लागतं. आणि झोप, जेवण, कामातलं लक्ष दोन आठवड्यांनंतरही परत आलं नाही, किंवा जगणं नको असं एकदा जरी मनात आलं, तर मात्र माझ्या सदराची वाट बघायची नाही. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा नंबर आहे. दिवस-रात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात बाप प्यायचा, आणि आता एक गोष्ट वाचून ते सगळं वर आलंय, असं सरळ सांगा. तिथे कुणी कार्टून म्हणणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या मोबाइलवर गुलाबी ऑक्टोपससारख्या गोड प्राण्याचं चित्र बघून मला वाटलं लहान मुलांचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये रडत होती. मी उघडून बघितलं तर पहिल्याच भागात चौथीतली मुलगी जीव देते! माझे हातपाय गार पडले. मी अॅप काढून टाकलं, मोबाइल घेतला. आता ती माझ्याशी बोलत नाही. मी चुकले का?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : घाबरलात यात काही चूक नाही. मीही घाबरले असते. मोबाइल घेतलात तो परत देता येईल. बोलणं थांबलंय ते जास्त तातडीचं आहे, म्हणून आधी तेच.

ती मालिका मी वाचली आहे. ‘ताकोपीज ओरिजिनल सिन’. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ एवढीच चालली, सोळा प्रकरणं, जपानीत पुस्तकरूपात दोन खंड. परग्रहावरून आलेला तो गुलाबी ताकोपी भेटेल त्याला आनंदी करायला निघालाय आणि त्याला माणसांच्या दुःखाची अक्षरओळखही नाही. शिझुका नावाच्या मुलीचा शाळेत छळ होतो. तो वेळ मागे नेऊन तिला वाचवायला बघतो, आणि न कळता मदत केली की काय होतं ते दिसत जातं. गोड चित्र मुद्दाम आहे. तुमची फसगत झाली तशीच वाचकाची व्हावी असं लेखकाला हवं होतं.

पण तुम्ही पहिलं प्रकरण वाचून थांबलात. पुढे वाचा अशी माझी विनंती आहे. पुढे कळतं की छळ करणाऱ्या मुलीच्या घरातही आईबापांचा संसार मोडत चाललाय. आणि अझुमा नावाचा एक चष्मेवाला मुलगा येतो, ज्याला आईच्या अपेक्षेइतके मार्क पडत नाहीत आणि ज्याची सतत मोठ्या भावाशी तुलना होते. तो भाग मी दोनदा वाचला. माझ्या स्वतःच्या मुलाला मी दहावीच्या वर्षी काय काय बोलले होते ते मला शब्दशः आठवलं, आणि त्या रात्री मी त्याला पुण्याला फोन केला.

म्हणून तिने कोणासाठी रडून घेतलं, हे आपल्याला कळायला हवं. शिझुकासाठी? त्रास देणाऱ्या मारिनासाठी? अझुमासाठी? की काही न कळणाऱ्या ताकोपीसाठी? या चारही उत्तरांचे अर्थ वेगळे आहेत. तेरा वर्षांच्या मुलीला ‘तुला शाळेत कुणी त्रास देतं का’ असं समोर बसवून विचारलं तर ती नाही म्हणेल. पण ‘तुला त्यातलं कोण जवळचं वाटलं’ याचं उत्तर ती देईल, आणि ते देताना तिच्या वर्गाबद्दलही सांगेल. विचारण्याआधी पूर्ण गोष्ट वाचून घ्या, नाहीतर तिला पहिल्या मिनिटात कळेल की तुम्ही फक्त माहिती काढताय. आणि हे जेवणाच्या टेबलावर नको. वाशीच्या मिनी सी-शोअरला चालायला न्या. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, मुलं मोकळी होतात.

ती वर्गातल्या छळाचं बोलली तर शाळेत जा. मरणाचं, स्वतःला इजा करण्याचं काही बोलली तर रागावू नका, गडबडून विषय बदलू नका, थेट विचारा. विचारल्याने मुलांच्या डोक्यात तसले विचार शिरतात हा समज चुकीचा आहे. आणि लगेच तज्ज्ञाला दाखवा. वरच्या उत्तरातला १४४१६ नंबर पालकांसाठीही आहे.

वयाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, तेरा वर्षांच्या मुलीने हे एकटीने वाचू नये. मांगा म्हणजे मुलांचं असं नसतं. जपानमध्ये मालिका कुठल्या मासिकात येते त्यावरून ती मुलग्यांची, मुलींची की मोठ्यांची ते ठरतं. आपल्याकडे येणाऱ्या ‘व्हिझ’ या प्रकाशनाच्या इंग्रजी खंडांवर मागच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर असतं : ‘टी’ म्हणजे तेरापासून पुढे, ‘टी प्लस’ सोळापासून, ‘एम’ म्हणजे अठरा. वरच्या पत्रातल्या ‘पुनपुन’वर ‘एम’ आहे. दुकानात गेलात तर आधी ते अक्षर बघा. मोबाइलवरच्या चोरट्या साइटवर मात्र ते अक्षर दिसत नाही. तुमच्या घरात झाला तो घोळ मला वाटतं तिथूनच सुरू झाला. अॅप काढलंत ते राहू द्या. त्याऐवजी तिला ती मालिका कागदी पुस्तकात आणून द्या आणि म्हणा, दोघी मिळून वाचू.

प्रश्न : आमच्या लहानपणी ‘चांदोबा’ होता. जपानी लोक मुलांना हे असलं भीषण का देतात?
— एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : काका, ‘चांदोबा’ माझ्याही घरी यायचा. त्यात दर महिन्याला एक राजा अमावास्येसारख्या काळोखात स्मशानातल्या झाडावरून प्रेत उतरवायचा, खांद्यावर टाकायचा आणि चालायला लागायचा. ते चित्र बघून मी रात्री पाय गोधडीबाहेर काढत नसे. आणि प्रेतातला वेताळ विचारायचा ते प्रश्न तरी काय असायचे? खरा दोषी कोण, कुणाचा त्याग मोठा. आज ज्याला मानसिक गुंतागुंतीची गोष्ट म्हणतात तीच आपण आठव्या-नवव्या वर्षी वाचत होतो.

जपानमध्ये १९५७ मध्ये योशिहिरो तात्सुमी यांनी आपल्या गंभीर चित्रकथांना ‘गेकिगा’ असं वेगळं नाव दिलं, कारण त्या मुलांच्या गमतीच्या चित्रांत मोजल्या जाऊ नयेत. या गेकिगा वाढल्या कुठे माहीत आहे? भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून, म्हणजे आमच्या लायब्ररीच्या जपानी बहिणींमधून. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आणि १९७३ मध्ये मुलग्यांच्या एका साप्ताहिकात ‘बेअरफूट गेन’ सुरू झाली. ती काढणारे केइजी नाकाझावा हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण, भाऊ गेले. भीषण गोष्ट त्यांनी मुलांना दिली, पण ती मुलाच्याच आयुष्यात घडलेली होती, काका. ती त्यांनी कुणाला सांगायची?

प्रश्न : मी एकतीस वर्षांची आहे, आईबरोबर राहते. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’चे सहा खंड वाचले. आता आई ओट्याजवळ पाठमोरी उभी दिसली तरी छातीत धडधडतं. तिने हसून ‘जेवलीस का’ विचारलं की मला त्या मांगातल्या बाईचं हसू आठवतं. मला आईचा राग येतोय आणि रागाची लाज वाटतेय. सतरा खंड आहेत. पूर्ण वाचले तर सुटेन का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही. पूर्ण वाचून सुटका होते असा काही नियम नाही. सातवा खंड उघडू नका.

हे मी त्या मालिकेला कमी लेखून सांगत नाही. शुझो ओशिमी यांचं ते काम मला फार मोठं वाटतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते : सेइची या मुलावर जिवापाड माया करणारी त्याची आई डोंगरावरच्या सहलीत त्याच्या नात्यातल्या एका भावाला कड्यावरून ढकलते आणि मुलगा ते बघतो. पुढे तो मुलगा त्या मायेत गुदमरत जातो. पानंच्या पानं एकही शब्द नाही. फक्त आईचा चेहरा, तिचे डोळे, ओठांची जराशी हालचाल. शब्द असते तर तिला काय म्हणायचंय ते कळलं असतं. शब्द नाहीत म्हणून आपण अर्थ लावत बसतो, अगदी घरात आईच्या चेहऱ्याचा लावत मोठे झालो तसाच. तुम्ही सहा खंड एका बाईचा चेहरा वाचायचा सराव केलात आणि तोच सराव आता ओट्याजवळ चालू आहे. धडधडण्याचा एवढा भाग उतरेल. पुस्तकं घराबाहेर ठेवा, मैत्रिणीकडे द्या.

रागाचं वेगळं आहे. तो मालिकेमुळे आला की आधीपासून होता, हे तुम्हीच सांगू शकाल. मी एक सुचवते. वही घ्या आणि आईने केलेल्या, तुम्हाला लागलेल्या गोष्टी लिहा, पण फक्त घडलेल्या. ‘ती मला गुदमरवते’ असं नको. ‘२०१६ मध्ये मला बंगळूरची नोकरी मिळाली तेव्हा ती तीन दिवस जेवली नाही’ अशा. दोन ओळींतच थांबलात तर तो राग त्या बाईचा आहे, तुमच्या आईचा नाही, आणि लाजेचंही कारण उरत नाही. वही भरत गेली तर मात्र ती बाजूला ठेवू नका. ती वही घेऊन समुपदेशकाकडे जा. एकतिसाव्या वर्षी आईचा राग येणं हा काही गुन्हा नाही. आपल्याकडे तो बोलायची सोय नाही, म्हणून त्याला जपानी बाईचा चेहरा लागला.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल लोकांना फार संकोच वाटतो. लायब्ररीत येऊन ते मला खोटं सांगायचे, वाचलं, छान होतं. मी खूण बघायची, ती साठाव्या पानावर असायची. सोडावंसं वाटलं म्हणजे पुस्तक पोहोचलं होतं.

प्रश्न : काकू, मी सतरा वर्षांचा आहे. ‘मॉन्स्टर’ वाचली. ग्रुपमधले सगळे म्हणतात हादरलो, झोप उडाली. इतके खून आहेत, मला काहीच वाटलं नाही. प्लॉट भारी आहे एवढंच. माझ्यात काही कमी आहे का? तुम्हाला काय वाटलं होतं?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : तुझ्यात काही कमी नाही. मलाही त्या खुनांचं फारसं काही वाटलं नव्हतं.

माझ्या भाच्याने मला दिलेली ती पहिली मांगा. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायलाच मला आठवडा लागला. नाओकी उरासावांची ही मालिका १९९४ ते २००१ अशी चालली. डॉक्टर तेन्मा जर्मनीत मेंदूवरच्या शस्त्रक्रिया करतो, महापौराला सोडून आधी आलेल्या एका मुलाला वाचवतो आणि तो मुलगा पुढे खुनी निघतो. हे तुला माहीत आहेच. पण त्याच्याही आधीचा एक प्रसंग आठव. एक तुर्की कामगार आधी दवाखान्यात आलेला असतो. वरून हुकूम येतो आणि तेन्मा त्याला सोडून एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करतो. गायक वाचतो, कामगार जातो. मग त्या कामगाराची बायको लहान मुलाला घेऊन तेन्मासमोर येते, आमचा माणूस आधी आला होता म्हणते. तू ती पानं बहुतेक भरभर उलटली असशील, कारण खरी गोष्ट अजून सुरू व्हायची असते.

मी तिथे थांबले, पुढे जाता येईना. आमच्या लायब्ररीत सातवीतली एक मुलगी यायची. आठवड्याला तीन पुस्तकं न्यायची, कोपरे न दुमडता परत आणायची. एकदा ती तीन आठवडे आलीच नाही. आली तेव्हा माझ्यासमोर गर्दी होती, दिवाळी अंकांचे दिवस होते. मी मान वर न करता सगळ्यांदेखत म्हटलं, शिस्त नसेल तर लायब्ररी लावू नये, चौदा रुपये दंड झालाय. तिने पुस्तकं ठेवली, दंड भरला आणि गेली. संध्याकाळी तिच्या सोसायटीतल्या एका बाईंकडून कळलं की तिचे वडील वारले होते. मी घरी जायचं ठरवलं, उद्या-परवा करत राहिले, आणि महिन्याने ते कुटुंब गावी निघून गेल्याचं कळलं. 

यात कुणाचा खून झाला नव्हता. तेन्मासारखा मला कुणाचा हुकूमही नव्हता. पण त्या तुर्की बाईच्या चेहऱ्याच्या जागी मला त्या मुलीची वेणी आणि तिने काउंटरवर मोजून ठेवलेली चिल्लर दिसली. पंचवीस वर्षं मी ते विसरले होते. भाचा दुसरा खंड घेऊन आला तेव्हा मी त्याला थांब म्हटलं. बाकीची मालिका मी पुढच्या पावसाळ्यात वाचली.

तेव्हा तुला आज काही वाटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, मित्रांपुढे हादरल्याचं सोंगही करू नकोस. खंड ठेव. सतराव्या वर्षी तुझ्याकडे त्या पानात भरायला अजून काही नसेल, आणि तसं असेल तर मला त्याचा आनंदच आहे.

आणि ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे असेल. कुठे असते मला माहीत नाही. हा अंक तिच्या हाती पडलाच तर तिला एवढंच सांगायचं आहे : त्या संध्याकाळी मी यायला हवं होतं. चूक माझी होती.